दुसऱ्याच्या भिंतीवरचे बैल

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत पदरचे पैसे घालून चित्र विकत घेणारी माणसं एका रिक्षात मावतील, आणि घेतलेलं चित्र दुसऱ्याच्या भिंतीवर टांगून मग ते बघायला उन्हातान्हात स्कूटर दामटणारा माणूस तर या डोंगरांखाली एकच निपजला. तो म्हणजे आमचे कांद्याचे शेठ. 'आमचे' म्हणायचं कारण इतकंच की त्यांचं घर आणि माझं फ्रेमचं दुकान जुन्नरच्या एकाच आळीत आहे, आणि त्यांच्या एकूण एक चित्राला चौकट मी ठोकलेली आहे. देव, पुढारी आणि मेलेली माणसं यांना काचेत बसवणं हा माझा पिढीजात धंदा. त्यात शेठनी बैल आणले. पहिल्यांदा आणला तेव्हा मी विचारलं, "शेठ, याला हार घालायला खिळा ठोकू का वर?" त्यावर ते माझ्याकडं असं बघत राहिले, की मी मुकाट्यानं मापाची पट्टी उचलली.

शेठचे आजोबा राजस्थानातून इथं आले. पण शेठपर्यंत येईतो मारवाडी लग्नपत्रिकेपुरती उरली होती आणि जिभेवर सगळं जुन्नर बसलं होतं. आडत कांद्याची. ट्रकभर कांद्यातून ते एकच उचलत, अंगठ्यानं दाबत, कानाशी धरून साल चोळत आणि हा माल बराखीत किती टिकेल ते सांगत. बराख म्हणजे आमच्याकडं शेतात कांदा भरून ठेवायची लांबोडकी चाळ. भाव येईपर्यंत कांदा तिच्यात पडून असतो आणि मालक तिच्याकडं बघत आशेवर असतो. शेठचा अंदाज सहसा चुकत नसे. आणि गंमत अशी की जैन घर असल्यामुळं या माणसानं जन्मात कांद्याची एक पाकळी जिभेवर ठेवलेली नव्हती. मी एकदा विचारलंच, "शेठ, चव माहीत नाही आणि भाव कसा कळतो?" तर म्हणाले, "चव माहीत न्हाई म्हणूनच कळतो. खाणाऱ्याला कांदा आवडतो, राव. आवडला की माणूस भावात चुकतो." तेव्हा मी हसलो होतो. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

बैलांचं वेड त्यांना लागलं ते एका पेंटरमुळं. हा पेंटर मंचरच्या बाजूचा. दुकानाच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, दूध केंद्राचे फळे, जे येईल ते रंगवायचा; पण त्याचा हात खरा चालायचा बैलावर. आमच्या भागात बैलगाड्याची शर्यत हा खेळ नसतो, ती घराण्याची अब्रू असते. बैल घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, पहिला आला की मालक त्याचं माणसापेक्षा मोठं चित्र प्लायवूडवर रंगवून घ्यायचा आणि जत्रेत वेशीजवळ उभं करायचा. आता फ्लेक्स आले, बैलापेक्षा मालकाचा गॉगलच मोठा दिसतो, पण तेव्हा रंग होते. या पेंटरला बैलाचा डोळा असा जमायचा की चित्रासमोरून चालताना आपण शर्टाची गुंडी लावून घ्यावी. जमायचे नाहीत ते खूर. कितीही प्रयत्न केला तरी बैलानं चपला घातल्यासारखे दिसायचे. म्हणून त्यानं एक तोड काढली होती. बैल घाटात पळत असो, गोठ्यात उभा असो नाहीतर देवळासमोर आशीर्वाद घेत असो, त्याच्या गुडघ्यापर्यंत धुरळा उडालेलाच असायचा. पुढं पुण्याच्या जाणकारांनी त्या धुरळ्याला गतीचं दर्शन म्हटलं. पेंटर तोवर गेला होता, नाहीतर तो खुर्चीवरून पडला असता.

शेठ आडतीची पाटी रंगवून घ्यायला म्हणून त्याच्या शेडमध्ये गेले, तेव्हा तो सँडपेपरनं एक पांढराशुभ्र बैल खरवडत होता. जुना बैल गेला, मालकानं नवा घेतला, मग प्लायवूड कशाला वाया घालवायचं, त्याच फळीवर नवा रंगवायचा, असा रिवाज होता. शेठ समोर बसले. चहा आला. शेठ बैलाकडं बघत राहिले आणि चहा कपात तसाच राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हा खरवडू नको." पेंटर म्हणाला, "आवो शेठ, बैल मेलाय त्यो." शेठ म्हणाले, "मग तर अजिबात खरवडू नको." पाटी रंगवायची राहून गेली आणि शेठ टेम्पोत मेलेला बैल घालून जुन्नरला आले. ती पाटी पुढं कित्येक वर्षं तशीच पुसट राहिली. नवा माणूस आला की आडत कुठली ते शेजारच्याला विचारायचा.

त्या दिवसापासून शेठचा एक कायदाच झाला. चित्र उभ्यानं बघायचं नाही. समोर बसायचं, चहा मागवायचा आणि बघत राहायचं. चहा गरम असतानाच पिऊन झाला तर चित्र साधारण. चहा निवून गेला आणि त्याची आठवणच राहिली नाही तर चित्र आपलं. यावर कुणाचा सल्ला नाही, काही नाही. पारगावला एका बैलवाल्याच्या ओसरीवर त्यांचा चहा निवला, तर त्या घरच्या बाईंना वाटलं पावण्याला चहा आवडला नाही. त्यांनी आत जाऊन आलं ठेचून दुसरा केला. तोही निवला. बाईंचा चेहरा पडला. तेव्हा शेठ भानावर आले आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, दोन चहा निवले म्हंजी लईच झालं. भाव सांगा." मी स्वतः त्यांच्याबरोबर कितीदा तरी अशा ओसऱ्यांवर बसलो असेन. फळीची लांबी-रुंदी मनात मोजायची, लाकूड किती लागेल त्याचा अंदाज घ्यायचा आणि गरम चहा फुर्रकन ओढून मोकळं व्हायचं, हे माझं काम. शेठ म्हणायचे, "फ्रेमवाले, तुमचा चहा एकदा तरी निवलेला बघायचाय मला." मी म्हणायचो, "शेठ, निवलेल्या चहानं मला पित्त होतं."

आणि कांद्यात किलोमागं पैशाची घासाघीस करणारा हा माणूस चित्राच्या बाबतीत समोरचा म्हणेल तो भाव द्यायचा. बाजारात ही बातमी पसरायला काय उशीर. एका हुशार शेतकऱ्यानं आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चारी बाजूंनी बैल रंगवून आणला आणि बरोबर आत सगळा मोड आलेला कांदा. शेठनी ट्रॉलीभोवती दोन चकरा मारल्या, मागच्या फळीवरच्या बैलासमोर पोत्यावर बसून चहाही मागवला. सगळं मार्केट कामं टाकून गोळा झालं. चहा निवला. शेठ उठले आणि शांतपणे म्हणाले, "मागची फळी विकत घेतो. कांदा घरी न्या." त्या गड्याला ट्रॉलीला नवी फळी बसवून घ्यावी लागली.

आता ही चित्रं दुसऱ्याच्या घरी का, तर त्याचं शास्त्र शेठनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. "आपल्या घरात टांगलं की सवय व्हती. सवय झाली की दिसत न्हाई. दुसऱ्याकडं ठिवलं की मुद्दाम उठून बघायला जावं लागतं, आन मुद्दाम गेलं की दिसतं." शेठाणींचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणायच्या, दिवाणखान्यात मी बैल येऊ दिला नाही म्हणून हे शास्त्र निघालं. दोन्ही खरं असावं. पण घर निवडताना शेठ मुलीला स्थळ बघतात तसं बघायचे. भिंतीला ओल नको, समोर टीव्ही नको, माणसं जरा बघणारी हवीत. ओतूरच्या एका न्हाव्याच्या दुकानात आरशासमोर त्यांनी एक तांबडा बैल दिला होता, त्यामुळं गिऱ्हाइकाला दाढी करताना आपल्या खांद्यावरून बैल डोकावताना दिसायचा. तो बघायला शेठ इतक्या वेळा दाढीला बसायचे की शेवटी न्हावीच म्हणाला, "शेठ, नुसतं बसा. गालाला आता काय राह्यलं न्हाई." निमगाव सावाच्या एका पोल्ट्रीवाल्याकडं जुळ्यासारख्या दोन बैलांची जोडी होती. तो अंडी मोजताना त्यांच्याकडं तोंड करून बसायचा. आणि पश्चिमेला डोंगरात घाटघरला एका बाईंकडं होता बादल. तोच तो मेलेला पांढरा बैल, शेठचा पहिला.

या बाई नाणेघाटात फिरायला येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पोरांना जेवण करून घालतात. नवरा गेला, भातशेती वाट्यानं दिली, दारातली बैलजोडी विकली. शेठ एकदा घाट बघायला गेले असताना तिथं चहाला थांबले, बाईंनी रिकाम्या गोठ्याकडं बघत बैलांची गोष्ट सांगितली, आणि पुढच्या आठवड्यात शेठ टेम्पोतून बादल घेऊन हजर. भाद्रपदातल्या अमावस्येला आमच्याकडं बैलपोळा असतो. त्या दिवशी बाईंनी या चित्रातल्या बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं, शिंगांना हळद लावली, खाली पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा. ओल्या बोटानं वर्षानुवर्षं लावलेल्या कुंकवाचा बादलच्या कपाळावर चांगला लाल पापुद्रा चढला. मी शेठना म्हणालो, "अहो, रंग खराब होतोय, बाईंना सांगा काहीतरी." शेठ म्हणाले, "काय सांगू? तुमच्या काचेतल्या देवाला एवढं कुंकू कधी लागलंय का?" सूर्य मावळल्यावर शेठ पाणीसुद्धा घेत नाहीत, म्हणून चित्रांच्या भेटी नेहमी दिवसा व्हायच्या. घाटघरहून परतताना मात्र ते उगाच रेंगाळायचे आणि मग सूर्याशी शर्यत लावत स्कूटर हाणायचे. मागं बसून मी देवाचं नाव घ्यायचो.

मध्ये काही वर्षं कोर्टाच्या बंदीमुळं शर्यती बंद झाल्या. बैलांना बारी, म्हणजे पळायची पाळी, नाही म्हटल्यावर चित्रांना मागणी नाही. पेंटरच्या शेडवर कुत्रं फिरकेना. त्या काळात शेठनी त्याच्याकडून लोकांनी टाकून दिलेल्या, विसरलेल्या जुन्या बैलांची चित्रं करून घेतली. घरोघर फिरून मालकांकडचे मळके फोटो आणायचे आणि त्याच्यापुढं ठेवायचे. दोघं शेडमध्ये बसून, हा कान असा नव्हता, हे वशिंड जरा डावीकडं होतं, असं तासन्‌तास घोळत बसायचे. पेंटर रंगवायचा, शेठचा चहा निवायचा. मला वाटतं त्या दोघांच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची वर्षं होती. पुढं शर्यती पुन्हा सुरू झाल्या, पण पेंटरला साखरेनं पोखरलं होतं; तो गेला. शेठ दहाव्याला गेले, आणि आल्यावर थेट माझ्या दुकानात येऊन बसले. मग म्हणाले, "आता खूर कोण लपवणार?"

इथंच ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण घाटघरच्या बाईंकडं जेवायला आलेल्या कुणा पोरानं बादलचा फोटो काढला, तो फिरत फिरत पुण्याच्या, चित्रांचा व्यापार करणाऱ्या एका साहेबांपर्यंत गेला, आणि एके दिवशी साहेब चौकशी करत करत माझ्या दुकानात येऊन उभे राहिले. पांढरा सैल कुर्ता, बोलणं मऊ, माणूस सभ्य. या पेंटरची चित्रं आता मुंबईत, दिल्लीत लोक शोधत होते म्हणे. मी शेठना बोलावलं. ओतूरचा तांबडा बैल तेव्हा चौकट सैल झाली म्हणून दुरुस्तीला माझ्याकडंच होता. त्याच्यासमोर तिघं बसलो. चहा आला. साहेब म्हणाले, "शेठ, तुम्ही काळाच्या फार पुढं होतात. इतकी वर्षं आधी इतकी मोठी गुंतवणूक. कमाल आहे."

"गुंतवणूक न्हाई," शेठ म्हणाले, "मला बैल आवडले व्हते."

"तेच तर. आवड हीच उत्तम गुंतवणूक," साहेब म्हणाले, आणि एका चित्राला आज काय येतं तो आकडा त्यांनी हळू आवाजात सांगितला. आकडा मीही ऐकला, पण इथं सांगत नाही. सांगितला तर तुमचाही चहा बिघडेल. शेठ तांबड्या बैलाकडं वळले. थोडा वेळ पाहिलं, आणि मग कप उचलून तो वाफाळता चहा सरळ पिऊन टाकला. जीभ पोळली असणार, पण त्यांना कळलं नाही. मला कळलं.

त्या दिवसानंतर शेठ चित्रं बघायला जायचे, पण बघायचे भिंत. ओल आली का, धूर लागतो का, दाराला कुलूप कसलं आहे. तांबडा बैल दुरुस्त होऊन परत टांगला, तर न्हाव्याला म्हणाले, साबणाचे शिंतोडे उडतात. पोल्ट्रीवाल्याला म्हणाले, उंदीर आहेत का. झोप उडाली होती त्यांची. इतकी वर्षं लोकांच्या भिंतींवर निवांत उभे असलेले बैल त्यांना एकदम उघड्यावर पडलेले दिसू लागले. शेवटी त्यांनी सगळी चित्रं परत आणायची ठरवली. टेम्पो केला आणि मला बरोबर घेतलं, चौकटी सांभाळायला. कुणी हुज्जत घातली नाही. चित्रं शेठचीच होती, लोकांनी काढून दिली. फक्त निमगाव सावाच्या पोल्ट्रीवाल्यानं जोडी खाली उतरवली, त्याच्या बायकोनं पदर सावरून दोन्ही बैलांना ओवाळलं, आणि त्यानं चौकटीमागची, ज्यावर चित्र लटकतं ती दोरी सोडून घेतली. मी म्हणालो, "अहो, दोरी राहू द्या, पुन्हा टांगायला लागेल." तर म्हणाला, "बैल न्या, भाऊ. दावं देत न्हाई आमी." आमच्याकडं बैल विकला तरी दावं घरी ठेवायची रीत आहे, नाहीतर गोठ्याची बरकत जाते. विकला कुठं होता त्यानं, त्याचा नव्हताच तो. मी जोडी बिनदोरीचीच टेम्पोत चढवली. शेठ टेम्पोत पुढं बसले होते, त्यांनी मान वळवली नाही. बोलवा फिरली असावी, कारण पुढच्या घरीही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. न्हाव्याच्या दुकानात बैलाची चौकोनी जागा भिंतीवर पांढरी उरली होती, खिळ्याला नुसती दोरी लोंबत होती, आणि तो वस्तरा घासत एवढंच म्हणाला, "आता आरशात नुसतंच गिऱ्हाईक दिसनार, शेठ." संध्याकाळी माझ्या दुकानात बैलांची रांग लागली, आणि एकालाही दोरी नव्हती.

राहिला बादल. त्याचा फोटो साहेबांनी मोबाइलवर नीट मोठा करून पाहिला, कपाळावर पापुद्रा, शिंगांवर हळद, सगळ्या अंगावर चुलीचा धूर, आणि म्हणाले, "अरेरे. हा गेला. याला आता काही येणार नाही." शेठनी सुटकेचा श्वास सोडला. "मग राहू दे तिथंच," ते म्हणाले. ज्या बैलापासून सगळं सुरू झालं, त्याची किंमत शून्य आली म्हणून या माणसाला हायसं वाटलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मला त्यांचा राग आला. खोटं कशाला बोलू, तो अजून पुरता उतरलेला नाही. पण कुणावर रागवायचं? साहेबांनी फसवलं नाही. शेठनी कुणाचं काही लुबाडलं नाही. आपली चीज आपल्या घरी आणली, एवढंच.

शेठच्या मुलानं माडीवरच्या खोलीला एसी बसवला. ज्या घरानं कांद्याला पंखा लावला नाही, तिथं बैल गारव्यात राहू लागले. प्रत्येकाला बुडबुड्यांचं प्लास्टिक गुंडाळलेलं. शेठ रोज सकाळी किल्ली घेऊन वर जायचे, सगळे आहेत ना ते बघायचे आणि खाली येऊन साहेबांना फोन लावायचे. "काय बाजार?" असं विचारायचे, कांद्याचं विचारतात त्याच आवाजात. मी एकदा म्हणालो, "शेठ, एखाद्याचं प्लास्टिक काढू या का? जरा बघू." ते म्हणाले, "नको राव. हात लागला की भाव उतरतो." पुढं एकदा नारायणगावला एका तरुण पेंटरचा बरा बैल बघायला मी त्यांना मुद्दाम नेलं. चहा त्यांनी दोन घोटांत संपवला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या पोराचं पुढं काय व्हईल, काय वाटतं?" अंगठ्यानं कांदा दाबावा, तशी नजर होती. त्यानंतर मी त्यांना कुठं नेलं नाही.

शेवटी भाव आला आणि त्यांनी साहेबांमार्फत मुंबईच्या एका गिऱ्हाइकाला सगळं विकलं. उत्तम भाव आला. आळीत पेढे वाटले, लोकांनी नावाजलं, शेठची नजर म्हणजे नजर, असं जो तो म्हणू लागला. शेठही हसत होते. महिन्याभरानं त्यांनी माझ्या दुकानातूनच साहेबांना फोन लावला. "ती निमगावची जोडी कुठं टांगलीय हो त्यांनी? म्हटलं एकदा मुंबईला जाऊन बघून येऊ." पलीकडून साहेब हसले असावेत. शेठ ऐकत राहिले. फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "टांगत न्हाईत म्हणे. ठेवतात. गोदामात. अजून भाव यायचाय." मग खुर्चीवर टेकले. "म्हंजी बराखच की," ते म्हणाले. मी चौकट ठोकत होतो, ती ठोकत राहिलो. दुसरं काय करणार.

यंदा थंडी पडायला लागली तेव्हा शेठ आपण होऊन म्हणाले, "घाटघरला जाऊ या का?" स्कूटर आता त्यांना झेपत नाही. मी माझी जुनी गाडी काढली. माणिकडोह धरणाचं पाणी मागं पडलं, चावंडचा किल्ला मागं पडला. बाईंनी ओळखलं, पण कुठं होता इतके दिवस, असं विचारलं नाही. सतरंजी टाकली आणि चुलीवर चहा ठेवला. समोर बादल होता. अंग धुरानं पिवळं पडलेलं, कपाळावरचं कुंकू यंदाच्या पोळ्यानं ताजं झालेलं, गुडघ्यापर्यंत तोच धुरळा, आणि मागची दोरी काजळून काळी झाली होती, पण होती.

चहा आला. मी शेठकडं बघायचं टाळलं. ते टक लावून बसले होते, आणि त्यांचं ते बसणं मला बघवत नव्हतं. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे ताठ. जरा वेळानं त्यांनी कप उचलला. एक घोट घेतला. पुन्हा बैलाकडं पाहिलं. पुन्हा एक घोट. चहा गरमच होता, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पिऊन टाकला.

"बाई," त्यांनी विचारलं, "बैल तोच हाय ना?"

"तोच की, शेठ. दुसरा कुठनं आणू मी?"

"चित्र चांगलंय," शेठ मला म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "चित्रात काय न्हाई झालेलं, राव. चित्र व्हतं तसंच हाय." मग गुडघ्यांवर हात टेकून उठले, बाईंना नमस्कार केला आणि बाहेर निघून गेले. ऊन अजून बरंच होतं. सूर्याशी शर्यत लावायची गरज नव्हती.

मी उठणार होतो. पण बादलचा डोळा माझ्यावर होता. हा बैल मी लांबी-रुंदीनं ओळखत होतो, त्याला कुठलं लाकूड लागलं, किती खिळे लागले ते सगळं मला पाठ होतं. कुंकवाच्या त्या लाल पापुद्र्याखालून तो माझ्याकडं बघत होता, रागानं नाही, प्रेमानं नाही, घरात आलेल्या माणसाकडं घरचं जनावर मान वळवून बघतं तसा. त्या पेंटरनं हे केलं होतं, पाट्या रंगवता रंगवता, आणि शेठना ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

"भाऊ, तुमी चहा घेतला न्हाई," बाई म्हणाल्या. "जळका लागला का?"

मी खाली पाहिलं. कपावर जाड साय धरली होती. चहा पार निवून गेला होता, आणि ज्या माणसाला तो दाखवायचा, तो बाहेर गाडीत जाऊन बसला होता.